गल्लीच्या ग्रुपवर मैतीचा निरोप का बुडाला

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी काय लिहिले आहे ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे कशाला उद्देशून आहे ते इतरांनाही कळेल. ते सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहतात. २०१६ साली त्यांनी हौसेने गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि तो आज २१३ जणांचा झाला आहे. दिवस उजाडला की सुप्रभातची चित्रे, मग वाढदिवस, मग राजकारण, मग कोणाचे तरी हरवलेले मांजर असा त्यावरचा क्रम असतो. गेल्या महिन्यात शेजारच्या आजी पहाटे वारल्या. त्यांच्या मुलाने सकाळी सव्वासातला अंत्यविधीची वेळ ग्रुपवर टाकली. त्याच दिवशी दोघांचा वाढदिवस होता. नऊ वाजेपर्यंत तो निरोप शंभरएक संदेशांच्या तळाशी गेला होता, एकाने वाढदिवसासाठी लिहिलेले ‘हार्दिक अभिनंदन’ नेमके निधनवार्तेखाली उमटले होते, आणि अगदी भिंतीला भिंत असलेल्या घरांतले आठ जण अमरधामला पोचलेच नाहीत. आजींच्या घरचे अजून मोकळेपणाने बोलत नाहीत. आता या गृहस्थांना विचारायचे आहे की ग्रुप बंद करावा का, कडक नियम करावेत का, सर्वांत जास्त राजकीय मजकूर टाकणाऱ्या एका काकांना काढून टाकावे का, आणि उद्या कोणी भलतेसलते टाकले तर ॲडमिन म्हणून ते आपल्यावर शेकेल का.

उत्तर देण्याचा माझा अधिकार एवढाच की मी तारघरात नोकरी केली. १९८४ साली लागलो तेव्हा मोर्सची कट्ट-कडकट्ट कानांनी ऐकून हातांनी कागदावर उतरवायची असे. पुढे टेलिप्रिंटर आले, मग संगणक आला, आणि १४ जुलै २०१३ ची रात्र ही देशातल्या तारेची शेवटची रात्र ठरली. त्यानंतरची वर्षे मी ब्रॉडबँडच्या खिडकीवर बसलो आणि ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आलो. राहायला सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या काठी. नोकरीत असतानाच लोकांनी आमच्या गल्लीचा, मंडळाचा, भावकीचा आणि दहावीच्या वर्गाचा असे चार ग्रुप माझ्या गळ्यात घातले, कारण ‘तुम्हाला निरोपाची सवय आहे’. सुरुवातीला मी हे थट्टेवारी नेले. नंतर लक्षात आले की तारघराने शिकवलेल्या दोन-तीन गोष्टी फोनवरही जशाच्या तशा लागू पडतात.

तुम्ही तुमची अडचण ‘संदेश फार येतात’ अशी मांडली आहे. माझ्या मते संख्या हे मूळ दुखणे नाही. २१३ माणसे एका ठिकाणी आली की ती बोलणारच, आणि व्हॉट्सॲपनेही ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये १०० वरून २५६ आणि २०२२ मध्ये १०२४ अशी वाढवत नेली आहे. दुखणे हे की तुमच्या ग्रुपवर दोन निरनिराळी कामे एकाच पट्टीवर चाललेली आहेत. पूर्वी गावात दवंडी असे आणि पार असे. दवंडीवाला डफ वाजवी तेव्हा लोक हातातले काम थांबवून ऐकत, कारण तो रोज येत नसे आणि आला की काही तरी कामाचेच सांगे. पारावर मात्र कोणीही, कितीही वेळ, काहीही बोले, आणि ते ऐकलेच पाहिजे असे कोणावर बंधन नव्हते. दवंडीवाल्याने पारावर बसून, गप्पांच्या ओघात, त्याच आवाजात ‘उद्या मैत आहे’ म्हटले असते तर तेही अर्ध्यांना ऐकू गेले नसते. आजींच्या बाबतीत नेमके हेच झाले. मुलाने निरोप टाकण्यात काही चूक केली नाही आणि वाढदिवसवाल्यांनीही केली नाही.

तारघरात ही विभागणी पहिल्या दिवसापासून होती. साधी तार, एक्सप्रेस तार आणि शुभेच्छा तार यांचे मार्ग वेगळे असत, आणि मृत्यूच्या बातमीला अग्रक्रम असे. लग्नसराईत शुभेच्छा तारांचा ढीग साचे, पण त्या ढिगाखाली मृत्यूची तार कधी जात नसे, कारण ती त्या ढिगात पडतच नसे.

म्हणून माझा सल्ला असा की आहे तो ग्रुप बंद करू नका आणि त्यावर नियमांचा आसूडही उगारू नका. तो पार म्हणून तसाच राहू द्या. त्याच्या शेजारी दुसरा ग्रुप काढा, त्याला सरळ ‘सूचना’ असे नाव द्या आणि त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिननाच संदेश पाठवता येतील असे करून ठेवा. ही सोय २०१८ पासून आहे. २०२२ च्या शेवटी आलेल्या कम्युनिटी या प्रकारातही सूचनांचा वेगळा ग्रुप आपोआप मिळतो, पण मी तो वापरून सोडून दिला. आमच्याकडच्या साठीच्या पुढच्या मंडळींना एकात एक अडकवलेले ग्रुप उमगेनात, आणि कोणत्या खिडकीत काय आले हे सांगण्यातच माझा दिवस जाऊ लागला. दोन सरळ, सुटे ग्रुप बरे. लोकांना एकच सांगायचे: जुन्या ग्रुपचा आवाज खुशाल बंद ठेवा, ‘सूचना’चा मात्र बंद करू नका.

इथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे हे मान्य करतो. चाळीस घरांच्या सोसायटीत, जिथे रोज जिन्यात गाठ पडते, तिथे दोन ग्रुप करण्याची गरजही नसेल. भावकीच्या ग्रुपवर तर मी हा प्रयोग मोडून काढला, कारण तिथे कोणाला ॲडमिन केले आणि कोणाला नाही यावरूनच थोरल्या आणि धाकट्या घरात धुसफूस सुरू झाली. तुमचा ग्रुप गल्लीचा आहे, त्यात भाडेकरूही आहेत, नवे लोकही आहेत, म्हणून तो चालेल असे वाटते. शिवाय तुमच्याकडे नदीचे पाणी येत नाही. आमच्याकडे येते, आणि त्यामुळे आमची गरज अधिक निकडीची होती.

सूचना ग्रुपचे ॲडमिन किमान चार असावेत आणि ते मानापानावरून निवडू नयेत. आमच्याकडे एक दूधवाले आहेत, कारण ते पहाटे चारला उठतात. एक औषध दुकानदार आहेत, कारण ते रात्री अकरापर्यंत जागे असतात. एक वहिनी आहेत, कारण बायकांना काही सांगायचे असले की त्या पुरुष ॲडमिनला फोन करायला संकोचतात, हे मला फार उशिरा कळले. चौथा मी. मृत्यू, अपघात आणि पाणी या तिन्ही गोष्टी वेळ पाहून येत नाहीत, त्यामुळे चोवीस तासांत केव्हाही कोणी तरी एक जण निरोप टाकू शकेल एवढेच पाहायचे.

आता निरोप लिहायचा कसा, याविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण माझ्या अनुभवात ग्रुप वेगळा करण्यापेक्षाही याचा उपयोग जास्त झाला.

तारेच्या कागदावर मजकुराच्या आधी एक ओळ असे. तार कोणत्या प्रकारची, कोणत्या कार्यालयातून निघाली, कोणत्या तारखेला किती वाजता दिली आणि शब्द किती, हे सर्व त्या ओळीत येई. पाठवणाऱ्याने मजकुरात काहीही लिहिलेले असो, ही ओळ आम्हाला वगळता येत नसे. नवीन लागलो तेव्हा मला ते उगाचचे काम वाटे. पुढे एकदा ‘आज निघतो’ एवढ्याच मजकुराची तार घेऊन एक बाई खिडकीवर आल्या आणि ‘आज म्हणजे कधी?’ असे विचारू लागल्या. तार मधे कुठे तरी एक दिवस अडकली होती. वरच्या ओळीतली तारीख दाखवून मी सांगितले की त्यांचा आज म्हणजे तुमचा काल. त्या तशाच स्टँडवर धावल्या.

व्हॉट्सॲपवर संदेशाखाली वेळ दिसते, पण ती तुमच्यापर्यंत तो संदेश पाठवला गेल्याची वेळ असते. एकाने लिहिलेले दुसऱ्याने पुढे ढकलले की मूळ वेळ गळून पडते. ‘फॉरवर्ड केलेले’ अशी खूण राहते, परंतु पहिल्यांदा केव्हा लिहिले गेले ते कुठेच राहत नाही. परिणामी ‘आत्ता’, ‘आज’, ‘थोड्या वेळापूर्वी’ हे शब्द संदेशाबरोबर गावोगाव फिरतात आणि जिथे पोचतील तिथल्या घड्याळाप्रमाणे खरे वाटू लागतात.

याचा हिसका आम्ही २०२१ च्या जुलैत सोसला. आमच्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हे घराघरातले गणित आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. त्या महापुराची धास्ती ताजी असताना २०२१ ला पुन्हा पाणी चढू लागले. २३ जुलैच्या रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या ग्रुपवर मजकूर आला: ‘आत्ताच आयर्विन ५७ फूट. आज गुरुवार रात्री आणखी वाढणार. गावभागातील लोकांनी त्वरित घरे सोडावीत.’ खाली तीन हात जोडलेले. पाचव्या मिनिटाला तो चार जणांकडून चार वेळा आला होता. माझ्या समोरच्या घरात सुतारकाम करणारे एक जण राहतात. त्यांनी गाद्या माळ्यावर टाकल्या, गॅसची टाकी जिन्यात आणली आणि ऐंशी वर्षांच्या आईला खुर्चीसकट उचलून बाहेर ओट्यावर बसवले. बाहेर पाऊस. त्यांच्या बायकोने मला हाक मारून विचारले, ‘अण्णा, आज गुरुवार आहे का हो?’ त्या माउलीचा गुरुवारचा उपवास असतो, आणि तो आदल्या दिवशी झाला होता. त्या दिवशी शुक्रवार होता. तो सबंध मजकूर २०१९ चा, दोन वर्षांनी पुन्हा उगवलेला. पाणी वाढत होते हे खरेच होते आणि पुढे घरे सोडावीही लागली, पण त्या रात्री त्या घडीला ५७ फूट नव्हते. म्हातारीला भर पावसात बाहेर काढण्याचे कारण नव्हते.

त्यानंतर मी आमच्या सूचना ग्रुपसाठी एकच नियम केला. मजकुरात ‘आत्ता’, ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द एकटे वापरायचे नाहीत. वार, तारीख आणि वेळ लिहायची, आणि शेवटी लिहिणाऱ्याचे नाव घालायचे. कोयनेतून विसर्ग वाढवला असे कळवायचे असेल तर किती क्युसेक याच्याबरोबर किती वाजल्यापासून हेही लिहायचे, कारण धरणातून सुटलेले पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो आणि सुटण्याची वेळ माहीत नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. बाहेरून आलेला मजकूर तसाच ढकलायचा नाही. खात्री करून, आपल्या शब्दांत, आपल्या नावाने लिहायचा. नाव घालावे लागते म्हटल्यावर माणूस दोनदा विचार करतो.

निधनाचा निरोप आम्ही असा लिहितो. पहिल्या ओळीत फक्त ‘निधन’. दुसऱ्या ओळीत पूर्ण नाव, वय आणि घराची ओळख, कारण निम्म्या गल्लीला आजींचे नाव माहीत नसते, ‘गिरणीवाल्यांच्या आई’ म्हटले की सर्वांना कळते. तिसऱ्या ओळीत अंत्ययात्रा घरातून किती वाजता निघणार आणि कुठे जाणार. चौथ्या ओळीत रक्षाविसर्जनाचा वार, तारीख, वेळ. शेवटी कोणाला फोन करायचा आणि निरोप कोणी, किती वाजता लिहिला. फोटो नाही, जळत्या समईचे चित्र नाही, शोकाची कविता नाही. तारेला शब्दाला पैसे पडत, म्हणून लोक आपोआप मोजके लिहीत. फोनवर शब्द फुकट झाले आणि नेमकी अंत्यविधीची वेळच गाळली जाऊ लागली, हे मी कितीदा तरी पाहिले आहे.

ही शिस्त लावताना माझ्याकडून एक चूक झाली. सूचना ग्रुपवर कोणालाच उत्तर लिहिता येत नसल्यामुळे निधनवार्तेखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागत नव्हती, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. पुढे आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे यजमान गेले. पंधरा दिवसांनी त्या मला म्हणाल्या, ‘ह्यांच्यासाठी गल्लीतल्या एकानेही दोन शब्द लिहिले नाहीत.’ लोक मैतीला झाडून आले होते, तेरा दिवस घरी माणसांची ये-जा होती, तरी फोनमध्ये काहीच नव्हते आणि ते त्यांना लागले होते. मुंबईच्या मुलीने म्हणे ग्रुप उघडून पाहिला आणि आईला विचारले. तेव्हापासून सूचना टाकली की तोच मजकूर पारावरही टाकतो, म्हणजे ज्यांना लिहायचे आहे ते तिथे लिहितात. वाचायला कंटाळा येतो म्हणून ती रांग निरर्थक ठरत नाही.

सुप्रभातच्या चित्रांविषयीही मला तेच म्हणायचे आहे, आणि इथे माझे मत तुमच्या मताविरुद्ध आहे. तुम्ही त्यांना ‘कचरा’ म्हटले आहे. तार खात्याकडे शुभेच्छांची छापील यादी होती आणि तिच्यातल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक होता. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक १, सुखी आणि दीर्घ वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांचा क्रमांक ८. पाठवणारा नुसता आकडा सांगे आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण वाक्य उमटे. वैशाखात मी एका दिवसात किती आठ वाजवले असतील याची गणती नाही. त्यात पाठवणाऱ्याचा स्वतःचा एक शब्द नसे. तरीही मंगल कार्यालयात तारांचा गठ्ठा पोचला की वधूचे वडील सगळे बाजूला ठेवून कोणाकोणाची आली हे बघत बसत, आणि कोणाची नाही आली तेही. सुप्रभातचे गुलाबाचे फूल हा आजचा आठ क्रमांक आहे. त्याचा अर्थ ‘मी आहे, तुमची आठवण आहे’ एवढाच, आणि सत्तरीतल्या माणसाला तेवढे सांगायला दुसरी सोपी वाट नसते.

अडचण होते ती फोनची, आणि तिच्यावर उपाय आहे. भारतातले फोन या चित्रांनी गच्च भरतात हे पाहूनच गूगलने २०१७ च्या अखेरीस फाइल्स गो नावाचे साफसफाईचे ॲप काढले होते, म्हणजे हे दुखणे केवळ तुमच्या गल्लीचे नाही. सेटिंगमध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे बंद करा आणि या ग्रुपची चित्रे गॅलरीत दिसू नयेत असे करा. पारावर मजकूर सात दिवसांनी आपोआप नाहीसा होईल अशी सोय लावून ठेवा. वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे तुम्हाला स्वतः बसून करून द्यावे लागेल. मी एका रविवारी मंडळाच्या ओट्यावर बसून एकोणीस फोन असे साफ केले आणि सात कप चहा प्यालो.

आता त्या काकांकडे येतो. काढू नका. हे मी उदारपणाने सांगत नाही, हात पोळलेला आहे म्हणून सांगतो. २०१८ साली, ॲडमिनगिरी नवीन असताना, मी एका गृहस्थांना सतत राजकीय मजकूर टाकतात म्हणून काढून टाकले. ग्रुपमधून काढणे म्हणजे माझ्या लेखी एक बटण दाबणे होते. त्यांच्या लेखी ते पंगतीतून उठवणे होते, आणि तेही दीडशे माणसांदेखत, कारण ‘अमुकने अमुकला काढून टाकले’ ही ओळ तिथे सर्वांना दिसते. त्या वर्षी ते गणपतीच्या आरतीला आले नाहीत. वर्गणीही मुलाच्या हाती पाठवली. २०१९ च्या पुरात आम्ही दोघे एकाच शाळेच्या निवाऱ्यात चार दिवस होतो, तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले. ते म्हणाले, ‘काढायच्या आधी घरी येऊन सांगायचं होतं.’ यावर मला उत्तर नव्हते.

तुम्ही काकांच्या घरी जा. संध्याकाळी, जेवणाआधी, एकटे जा. त्यांच्या मतांविषयी एक अक्षर बोलू नका, कारण तो वाद तुम्ही जिंकणार नाही आणि जिंकलात तरी काका गमवाल. फक्त सांगा की सूचनांचा ग्रुप वेगळा केला आहे आणि तिथे राजकारण येणार नाही, पारावर मात्र त्यांनी खुशाल बोलावे. काकांना एवढे बहुधा पुरते. त्यांना बोलायला जागा हवी असते, आणि पार आहे तोवर ती आहे. मात्र कोणा व्यक्तीवर, जातीवर किंवा धर्मावर विखारी मजकूर आला तर तो पारावरूनही ताबडतोब पुसा. २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसता येतो. पुसल्यावर खासगीत फोन करून का पुसला ते सांगा. चारचौघांत कारणे देत बसू नका.

हे मी एवढ्या कडकपणे का म्हणतो, तर धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी काय झाले ते आपल्याला माहीत आहे. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा फोनांवरून फिरत होती, आणि तिच्यापायी भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि फॉरवर्डची खूणही त्याच सुमारास आली. मर्यादा आली तरी ढकलणारा अंगठा आपलाच राहिला. पारावरची मोकळीक म्हणजे आग लावण्याची मोकळीक नव्हे, एवढे काकांनाही पटते.

कायद्याची भीती तुम्ही जितकी घेतली आहे तितकी घेऊ नका. मी वकील नाही, पण गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुप ॲडमिनवर असा गुन्हा दाखल झाला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की दुसऱ्या सभासदाने काय टाकावे हे ॲडमिनला आधी ठरवता येत नाही, त्यामुळे दोघांचे संगनमत दाखवल्याशिवाय केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. पण तुम्ही स्वतः जे पुढे ढकलाल त्याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. तिथे ‘मला आलं तसं पाठवलं’ हे चालत नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण विचारतो. गल्लीत स्मार्टफोन नसलेली घरे किती आहेत? आमच्याकडे अकरा निघाली, आणि त्यांतली बहुतेक अशाच घरांतली जिथे एकटे वृद्ध राहतात, म्हणजे निरोपाची गरज सर्वांत जास्त असलेली. त्यासाठी मंडळाच्या चौकातला फळा आम्ही पुन्हा रंगवून घेतला. सूचना ग्रुपवर निरोप पडला की नववीतला एक मुलगा तो खडूने फळ्यावर उतरवतो, वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाकून. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. गंमत अशी की फोन असलेलेही बरेच जण दूध आणायला जाताना आधी फळाच वाचतात.

बदल जाहीर करण्यासाठी ग्रुपवर लांबलचक पत्र लिहू नका, ते वाढदिवसांच्या खाली जाईल. मंडळाची बैठक असेल तेव्हा पाच मिनिटे उभे राहून सांगा, आणि त्याच दिवशी सूचना ग्रुपवर पहिला निरोप कामाचाच टाका, नळाच्या पाण्याच्या बदललेल्या वेळेसारखा. पहिले दोन महिने दिवसाला एकाहून जास्त निरोप तिथे पडू देऊ नका, अगदी निकडीचे सोडून. लोकांच्या अंगवळणी हे पडले पाहिजे की त्या ग्रुपचा आवाज झाला म्हणजे फोन हातात घ्यायचा.

राहता राहिले आजींचे घर. त्याबद्दल ग्रुपवर काहीही लिहू नका, खुलासा नको आणि क्षमायाचनाही नको. जे आठ जण पोचले नाहीत त्यांच्यातल्या दोघा-तिघांना बरोबर घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी जा. निरोप दिसला नाही हे तुमच्या तोंडून नको, त्यांच्या तोंडून त्या मुलाला ऐकू द्या. तुम्ही फक्त फोन उघडून त्या दिवशीचा ग्रुप त्याला दाखवा, सव्वासातपासून नऊपर्यंतचा. वर सरकवायला किती वेळ लागतो ते तो स्वतःच पाहील. चहा दिला तर घ्या, आणि मासिकाला कधी यायचे ते विचारून या.